रुक्कीचा डावा कान

अठ्ठावीस वर्षं मी रात्रपाळीला पीठ आंबवलं
हाप्सालूच्या बेकरीत, काळ्या पावाच्या खात्यात.
झाकण उघडायच्या आधीच मला कळायचं
आंबवण आलंय, की गेलंय हाताबाहेर.
तरीही तो वास माझ्या मांडीवर झोपत राहिला
आणि मला वाटलं, माझ्याच जुन्या एप्रनचा असेल.

रुक्की. नाव आमच्या राय धान्यावरून,
रंग पावाच्या भाजलेल्या कडेचा,
जीव टोपलीत मावेल एवढा,
आणि कान असे लांब की पाणी पिताना
तोंडाच्या आधी तेच वाडग्यात बुडतात.
सगळा उन्हाळा ती उथळ समुद्रात,
बदकांच्या मागे, पोटापर्यंत चिखलात.
घरी आलो की मी पाठ पुसायचे, पोट, चारी पाय.
कान? ते वाळतात आपोआप,
दोरीवरच्या मोज्यांसारखे.

ऑगस्टमध्ये ती मान तिरकी धरू लागली.
हाक मारली तर येईना.
म्हटलं, हट्टी झाली, वय झालं की होतात.
हेल्मुटही झाला होता.
पायाने कान खाजवायची, मग कण्हायची,
आणि मी, दुसरा शब्द नाही त्याला,
कानाडोळा केला.

नंतर केलं ते त्याहून वाईट.
कापूस गुंडाळलेली काडी घेतली, चष्मा चढवला,
आणि आत, आणखी आत,
भट्टीच्या कोपऱ्यातली राख ओढावी तशी.

डॉक्टर लीविका माझ्या नातीच्या वयाची.
दिव्याची नळी लावून तिने पाहिलं, बराच वेळ बोलली नाही.
मग कागदावर एक रेघ काढली,
खाली जाणारी, आणि मध्येच वळणारी.
"हा सरळ रस्ता नाही, आजी.
मळ तुम्ही वळणाच्या पलीकडे ढकललात."
आणि मग माझीच कानउघाडणी:
काडी नाही. व्हिनेगर नाही.
तेल? मी विचारलं. आई आमच्या कानात कोमट तेल घालायची.
तेलही नाही.
कापसाचा बोळा तिने माझ्या नाकाशी धरला.
"ओळखता?"

ओळखला.
ओल, ऊब, वरून झाकण.
यीस्टला आणखी काय लागतं,
हे मला, मला कुणी सांगावं!

दहा दिवस औषधाचे थेंब, सकाळ-संध्याकाळ.
मी किचनच्या फरशीवर, ती टेबलाखाली,
दोघीही गुरगुरत.

आता धुवायची बाटली आधी काखेत धरते,
गार थेंबाने ती दचकू नये म्हणून.
पाळी वर, कान भरेपर्यंत ओतायचं,
मग मुळाशी, गालाजवळ, दोन बोटांनी मळायचं.
आतून पचपच आवाज येतो
सैल कणकेचा.
मग सोडून द्यायचं.
ती डोकं झाडते,
आणि माझा चष्मा, भिंत, तार्मोच्या लग्नातला फोटो
सगळ्यांवर शिंतोडे.
दिसतं तेवढंच पुसते.
दिसत नाही, ते तिचं.

रोज नाही. फार घासलं तरी कातडी रुसते, बजावलंय मला.
समुद्रावरून आलो की नुसतं कोरडं फडकं,
आणि दोन्ही पाळ्या उलट्या करून डोक्यावर टाकते,
वारा लागू दे म्हणून.
बाजाराला निघालेल्या बाईसारखी दिसते ती, डोक्याला रुमाल बांधून.
शेजारची वैके हसते. हसू दे.

उजवा आधी हुंगते. तो कायमच शहाणा.
मग डावा, श्वास धरून.
काल डाव्याला वास होता फक्त
कुत्रीचा, आणि थोडा उन्हाचा.

मी पाव कापायला सुरी घेतली,
फळीवर टेकवली, अगदी हळू,
आणि अंगणाच्या पार टोकाहून
ती धावत आली, कान मागे उडत.

लोणी लावलेली कड तिला देऊ नये,
असंही डॉक्टर म्हणाली आहे.
तेवढ्याकडे मात्र
मी अजूनही करते कानाडोळा.